अक्काचा बॅज

मला अणुसुरक्षेची आवड वगैरे काही नव्हती. मला हुबळीच्या केशवापुरातल्या एका माणसाचं एक्स-रे मशीन बंद पाडायचं होतं. ते कायद्याने बंद पाडू शकतील असे अधिकारी कुठल्या कार्यालयात बसतात हे कळल्यावर मी तिथल्या परीक्षेला बसले. मुलाखतीत विचारलं, या क्षेत्रात का यावंसं वाटलं. मी जनतेच्या सुरक्षेबद्दल छान बोलले. समोरचे खूश झाले. मनातलं बोलले असते तर त्यांनी मला तिथूनच हुबळीच्या गाडीत बसवलं असतं.

तो माणूस, एक डॉक्टर, तसा आमच्या घरचाच. अप्पांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, कोप्पीकर रोडच्या मागच्या गल्लीत साड्यांचं दुकान. आमचे आजोबा मिरजेकडून इकडे आले, डॉक्टरांचे वडीलही त्याच बाजूचे. एवढ्यावर ते 'आपले' झाले होते. आम्ही त्यांना डॉक्टरअण्णा म्हणायचो. त्यांच्या घरातलं प्रत्येक लुगडं आमच्या दुकानातलं आणि आमच्या घरातला प्रत्येक एक्स-रे त्यांच्या सेंटरमधला. माझी अक्का, म्हणजे सख्खी मोठी बहीण, डिप्लोमा करून त्यांच्याकडेच टेक्निशियन म्हणून लागली तेव्हा अप्पांनी गल्लीत पेढे वाटले.

टेक्निशियनच्या छातीवर एक बॅज असतो. काडेपेटीपेक्षा जरा मोठा, प्लॅस्टिकचा, आत धातूच्या छोट्या चकत्या. अंगावर किती किरणं पडली याचा हिशेब तो गुपचूप ठेवतो. दर तीन महिन्यांनी तो तपासायला पाठवायचा आणि आकडा जास्त निघाला तर सेंटरला जाब द्यावा लागतो. अक्काला त्या बॅजचं भारी कौतुक. आईला ते ओळखपत्र वाटायचं. अक्का तिला पुनःपुन्हा समजावायची आणि आई पुनःपुन्हा विचारायची, "मग त्याच्यावर तुझा फोटो कुठाय?"

दहा वर्षांपूर्वीच्या खंडेनवमीला सेंटरमध्ये आयुधपूजा झाली. आमच्याकडे त्या दिवशी तराजूपासून रिक्षापर्यंत सगळ्याला कुंकू लागतं, तसं मशीनलाही लागलं. केळीचे खुंट बांधले, कोहळा फोडला. आणि डॉक्टरअण्णांना काय सुचलं कोण जाणे, त्यांनी अक्काचा बॅज मागून घेतला. "हे पण आयुधच की आपलं," म्हणाले, आणि जरीच्या माळेत ओवून तो छातीचा एक्स-रे काढायच्या स्टँडवर टांगला. पेशंट ज्याला छाती टेकून उभा राहतो, तोच स्टँड. मशीनचा मारा थेट त्याच्यावर. दुसऱ्या दिवशी अक्का तो काढायला गेली तर म्हणाले, "इरली बिडु, राहू दे. पूजेला लावलेलं पौर्णिमेपर्यंत काढायचं नसतं."

अक्कानेही ऐकलं. तिने स्वतःच त्याला हात जोडले होते, नको म्हटल्यावर ती कशाला काढतेय? पण एका फिल्मच्या वरच्या कोपऱ्यात त्या बॅजचा चौकोनी डाग आला. पेशंट हलला म्हणून ती फिल्म बाद झाली होती. अक्काने ती डॉक्टरांना दाखवली तर ते हसले. त्या संध्याकाळी जेवताना तिने आम्हा सगळ्यांना हा किस्सा सांगितला. आम्हीही हसलो. मी सगळ्यात मोठ्याने हसले, कारण मी तेव्हा धारवाडला बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला होते आणि मला सगळं कळतं असा माझा समज होता.

तीन महिन्यांनी बॅज तपासणाऱ्या कार्यालयाचं पत्र आलं. अक्काच्या बॅजवर मर्यादेच्या कितीतरी वर आकडा. कारण कळवा, संबंधित कर्मचाऱ्याचं निवेदन जोडा.

रविवारी सकाळी डॉक्टरअण्णा घरी आले. अप्पांनी आतून चांगली खुर्ची आणवली. डॉक्टर म्हणाले, माळ मी घातली असं लिहिलं तर माझं लायसन जातं, सेंटर बंद पडतं, मग हिची नोकरी कुठली राहते? त्यापेक्षा हिने लिहून द्यावं, की सेंटरला त्रास द्यायला मी मुद्दाम बॅज तिथे ठेवला, चूक झाली. "नुसता कागद जातो तो, कोण वाचतंय? नोकरीला काही होणार नाही, मी आहे की." अप्पांनी अक्काकडे बघितलं. अक्काने जमिनीकडे.

इंग्रजीत लिहायचं होतं. घरात चांगलं इंग्रजी माझंच. डॉक्टरअण्णांनी आपल्या खुर्चीशेजारी माझ्यासाठी स्टूल ओढलं आणि म्हणाले, "मी सांगतो तसं लिही." मी लिहिलं. त्यांचं एक वाक्य व्याकरणात चुकलं होतं, तेही मी सुधारून दिलं. अप्पा कौतुकाने बघत होते. अक्काने सही केली.

आठ दिवसांत त्यांनी तिला काढून टाकलं. वर हुबळी-धारवाडातल्या सगळ्या सेंटरवाल्यांना सांगितलं, पोरगी खोडसाळ आहे, मशीन हातात देऊ नका. ती सतरा ठिकाणी जाऊन आली. मग अप्पांच्या दुकानात बसून साड्यांच्या घड्या घालायला लागली. अजून घालते. तिच्यासारखी घडी गल्लीत कुणाची पडत नाही, आणि ते बघितलं की माझं डोकं फिरतं.

मी एम.एस्सी. केलं. रोज बसने धारवाडला जाताना रायापूर आलं की मी मनातल्या मनात डॉक्टरअण्णांना दारात उभं करायचे आणि मशीनला सील ठोकायचे. जागा मिळाली नाही तर उभ्याने ठोकायचे.

चौथ्या प्रयत्नात निवड झाली. वर्षभराच्या प्रशिक्षणात अणुभट्ट्याच अणुभट्ट्या. एक संरक्षण निकामी झालं तर दुसरं कसं धरून ठेवतं, दुसरं गेलं तर तिसरं. समुद्रकाठच्या एका वीजकेंद्रात आम्हाला पंधरा दिवस नेलं होतं. तिथे फाटकापाशी झाडूवाल्या बाईंना अडवलं, कारण त्यांचा बॅज खुंटीवरच राहिला होता. बाई कटकट करत परत गेल्या, बॅज लावून आल्या, मगच आत. बाकीच्यांनी वहीत काहीतरी टिपून घेतलं. मला मात्र अशी चीड आली की दुपारी मी जेवले नाही.

पहिली नेमणूक मात्र भट्ट्यांवर नाही, एक्स-रे मशीनांच्या तपासणीवर झाली. बरोबरचे हिरमुसले. मी ज्या पोस्टिंगसाठी नवस बोलायला तयार होते ते मला न मागता मिळालं. उत्तर कर्नाटकाच्या दौऱ्याची यादी निघाली, त्यात केशवापूरचं सेंटर होतं. आमच्याकडे पहिला नियम आहे: ज्या जागेशी आपला संबंध आहे ती आधी सांगायची आणि बाजूला व्हायचं. तो नियम मला पाठ होता. मी गप्प बसले.

आमचे वरिष्ठ केरळचे, शांत माणूस, चहासुद्धा स्वतःच्या थर्मासातला पिणारे. न कळवता गेलो. डॉक्टरअण्णा पुढे आले, "बर्री सर, कूडरी" म्हणत खुर्ची पुढे केली. माझ्याकडे बघून न बघितल्यासारखं केलं. सरकारी बाई, एवढंच. मिरची भजी मागवायला लागले, वरिष्ठांनी नको म्हणून हात केला.

मी तपासायला सुरुवात केली. मशीन चालू असताना एक्स-रेच्या खोलीवर पेटायला हवा तो लाल दिवा बंद. शिशाचा एप्रन मधोमध चिरलेला. दोन नव्या टेक्निशियन पोरी, दोघींच्या छातीवर काही नाही. बॅज कुठेत? एकीने टेबलाचा खण उघडला. दोन्ही बॅज रबरबँड लावून, एका कागदात गुंडाळून ठेवलेले. "सर म्हणतात खराब होतात, वापरायचे नाहीत," ती म्हणाली. मी एकेक गोष्ट फॉर्मवर उतरवत गेले. खोटं कशाला बोलू, इतकं गोड मला आयुष्यात काही लागलं नव्हतं. मी मुद्दाम सावकाश लिहीत होते.

डॉक्टरअण्णा माझ्या मागे येऊन उभे राहिले. फॉर्मकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "अक्षर काही बदललं नाही गं तुझं. अप्पांची धाकटी ना तू?"

मी पेनाला टोपण लावलं.

"तुमच्या घरनं लिहून दिलेल्या पत्राची झेरॉक्स आहे की माझ्याकडं. ह्याच अक्षरातली." आणि वरिष्ठांकडे वळून इंग्रजीत म्हणाले, "सर, हिच्या बहिणीला मी कामावरून काढलं होतं. त्याचा राग आहे हा." फाइल त्यांनी कपाटातून लगेच काढली. इतकी लगेच, की जणू दहा वर्षं ती हाताशीच ठेवली होती.

वरिष्ठांनी पत्र वाचलं. माझा फॉर्म त्याच्याशेजारी धरला. मग मला बाहेर गाडीत बसायला सांगितलं आणि राहिलेली तपासणी स्वतः केली. तासाभराने ते आले. म्हणाले, "दिवा बंद आहे तो बंदच आहे, तो तुझ्या रागाने बंद पडलेला नाही. मी माझा वेगळा अहवाल देतो. पण तू हे लपवलंस. आणि ते पत्र तुझं असेल, तर खरं काय ते सोमवारपर्यंत लेखी दे." एवढं बोलून त्यांनी थर्मास उघडला.

पुढे काय झालं ते आत्ताच सांगून टाकते. मशीनचा वापर थांबवायचा आदेश निघाला. सेंटर चार महिने बंद होतं आणि त्या चार महिन्यांत मी सुट्टीला आले की केशवापुरातूनच रिक्षा न्यायला सांगायचे, लांब पडलं तरी. पुढे त्यांनी सगळं दुरुस्त करून ते पुन्हा चालू केलं. मी अजून त्यांना माफ केलेलं नाही, करणारही नाही. माझं प्रोबेशन सहा महिन्यांनी वाढलं आणि केशवापूरच्या फाइलला हात लावायचा नाही असं लेखी मिळालं. अक्काच्या जुन्या नोंदीवर शेरा पडला: आकडा खरा नाही, कर्मचाऱ्याची चूक नाही.

पण तपासणीच्या दुसऱ्या दिवशी, शनिवारी, यातलं काहीच माहीत नव्हतं. मी दुकानात गेले. अप्पा जेवायला घरी गेले होते, अक्का एकटी होती. मी हातपाय नाचवत सगळं सांगितलं: लाल दिवा, चिरलेला एप्रन, रबरबँड. "बंद पडणार बघ त्याचं मशीन!" अक्का घडी घालत होती. घडी पूर्ण झाल्यावर म्हणाली, "आणि माझं पत्र?"

"ते तर फाइलमध्येच आहे."

"मला त्याचं मशीन कधी पाहिजे होतं गं? ते पत्र पाहिजे होतं. दहा वर्षांत एकदा तरी विचारलंस?"

मी वरिष्ठांचं म्हणणं सांगितलं, सोमवारपर्यंत लेखी द्यायचंय, त्यात माझी नोकरीही जाऊ शकते. अक्का उठली, मागच्या फळीवरच्या जुन्या साड्यांच्या गठ्ठ्याखालून एक खाकी पाकीट काढलं आणि त्यातली फिल्म ट्यूबलाइटपुढे धरली. कुणाची तरी हललेली छाती. वरच्या कोपऱ्यात चौकोन, त्यात गोल चकत्या, आणि चौकोनाच्या वरून गेलेली जरीच्या माळेची बारीक तार, वेटोळी वेटोळी, स्वच्छ दिसत होती. मुद्दाम ठेवलेल्या बॅजला कोण माळ घालतं? तिने ती दहा वर्षं साड्यांखाली जपली होती आणि मला दाखवली नव्हती.

तिने गल्ला सरकवला, कागद ठेवला, माझ्यासमोर स्टूल ओढलं.

"मी सांगते तसं लिही," अक्का म्हणाली.

ती मराठीत सांगत गेली, मी इंग्रजीत लिहीत गेले. खंडेनवमी. माळ. पौर्णिमा. रविवारची सकाळ, कोण कुठे बसलं होतं, कोण काय म्हणालं. तिला एकेक शब्द पाठ होता. शेवटी म्हणाली, "आता लिही, ते पत्र माझ्या बहिणीने लिहिलं. आणि लिहिताना तिला ठाऊक होतं की ते खोटं आहे."

मी पेन उचललं. वर बघितलं. अक्का माझ्याकडेच बघत होती, त्या रविवारी जमिनीकडे बघत होती तशी नाही.

"लिही की," ती म्हणाली. "इंग्रजी चांगलं आहे तुझं."