गप बसायला शिकवलेला कुत्रा

माझ्या कुत्र्याचा कोणाला त्रास होता कामा नये, हे माझं वेड. डिचोलीत आमचं घर दाटीच्या वस्तीत. सुर्ल्याच्या रस्त्यावर सापडलेला हा तांबडा कुत्रा सकाळी पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, सायकलचा पों-पों भोंगा ऐकला की घर डोक्यावर घ्यायचा. शेजारीण एकदा तोंडावर म्हणाली, "पाव घेतेस की सर्कस चालवतेस गो?" ते मला फार लागलं. मग मीही पेटले. तीन महिने रोज ओठांवर बोट ठेवून "गप!" शिकवलं. गप बसला तर पावाचा तुकडा, भुंकला तर माझे वटारलेले डोळे. शेवटी पोदेर दारात येऊन उभा राहिला तरी हा नुसता शेपूट हलवायचा. मी हे ज्याला त्याला सांगत सुटले.

तोच तोरा घेऊन गेल्या मार्चमध्ये मी आणि नवरा कुत्र्यासकट पेडण्याकडच्या एका काजूच्या बागायतीत तंबू ठोकून राहायला गेलो. काजूचा हंगाम, झाडांखाली बोंडूंचा, काजूच्या पिकल्या फळांचा, सडा. बागायतीच्या साठीतल्या मालकांनी कुत्र्याच्या गळ्यातला घुंगरू बघितला आणि म्हणाले, "हो घुंगरू काढू नकात हां, बाय. बोंडूंच्या वासान रानडुकरां येतत. कोण खंय फासकी लावता, सांगूक येणा नाय." फासकी म्हणजे डुकरासाठी लावलेला तारेचा फास. जनावर जितकं ओढतं, तितकी तार आवळते. मी हो हो म्हटलं.

शेजारच्या तंबूत बेळगावकडचं एक जोडपं होतं, चार महिन्यांचं बाळ घेऊन आलेलं. दुपारी बाळाला झोप लागेना. आमचा तांबडा कान खाजवायचा, घुंगरू वाजायचा, बाळ दचकायचं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी सरळ घुंगरू सोडला आणि खिशात टाकला. बाळाची आई म्हणाली, "तुमचं कुत्रं भारी गुणी आहे हो." मला कोण आनंद!

चारच्या सुमारास त्याला 'बाहेर' न्यायची वेळ झाली. तंबूंजवळ घाण नको म्हणून मी त्याला पार कुंपणापलीकडे नेलं. तिथे झुडपात दोरी अडकली. ती सोडवायला क्षणभर त्याच्या गळ्यातून काढली. खाली वाकून पिशवीत त्याची घाण उचलली, गाठ मारली, वर बघते तर कुत्रा नाही.

आणि मी काय केलं? हळू आवाजात हाका मारल्या. बाळ झोपलंय ना! पाव तास मी त्या रानात कुजबुजत फिरले. आज आठवलं तरी स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते. मग धीर सुटला आणि मी बोंब ठोकली. नवरा धावत आला, पाठोपाठ मालक कोयता घेऊन आले.

"घुंगरू खंय?" त्यांनी पहिलं तेच विचारलं.

मी खिशातून काढून दाखवला. ते त्याच्याकडे बघून सरळ झुडपांत शिरले. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्यांनी हात वर करून आम्हाला थांबवलं. तिघंही श्वास रोखून ऐकत राहिलो. पाचोळा वाजला, सरडा निघाला. "अडाकलो आसात तर भुकात तरी," मालक म्हणाले. "सुणो भुकल्याबिगर ऱ्हवता?"

कुत्रा भुंकल्याशिवाय राहतो का? आमचा राहतो. मीच शिकवलंय त्याला. तार आवळत असेल आणि हा शहाण्यासारखा गप बसला असेल. नवरा घसा फोडून हाका मारत होता. "भुंक रे!" म्हणून मी ओरडले, पण तो शब्द त्याला माहीतच नव्हता. त्याला एकच शब्द येत होता.

मग कुठून सुचलं कोण जाणे. मी तोंडाशी हाताचे पंजे धरले आणि पोदेरासारखं ओरडले, "पों-पों! पों-पों!" नवऱ्याला वाटलं, हिचं डोकं फिरलं. मी रडत होते, शेंबूड पुसत होते आणि पों-पों करत होते. दहादा, वीसदा.

डावीकडून एक भुंकणं आलं. एकच, आखूड.

मी मघापासून त्या करवंदीच्या जाळीवरून दोनदा गेले होते. तो तिच्या मागेच बसला होता. तार कमरेत रुतलेली, पोटाखाली रक्त. मालकांनी कोयत्याच्या टोकाने पीळ उकलला, नवऱ्याने त्याला घट्ट धरलं. जखम फार खोल नव्हती, जीव वाचला. पण तो माझ्याकडे बघत होता आणि त्याचे कान पडलेले होते. भुंकला म्हणून मी रागावेन, याची त्याला भीती वाटत होती. मी त्याच्या गळ्यात पडून हंबरडा फोडला. तिकडे बाळ जागं होऊन रडायला लागलं होतं. रडू दे म्हटलं.

घुंगरू तिथल्या तिथे पुन्हा गळ्यात बांधला. जखम भरली. आता रोज सकाळी पोदेर येतो, दारात पों-पों करतो. तांबडा उठून उभा राहतो, माझ्या बोटाकडे बघतो. मी हात पाठीमागे लपवते, "भुंक रे बाबा, भुंक" म्हणते, पाव पुढे करते. तो अजून भुंकत नाही.