सतराव्या रांगेतला रिकामा पाट

ज्यांना भुताची गोष्ट हवी असेल त्यांनी हे वाचू नये. माझ्या गोष्टीत कुणीही मेलेलं नाही. मी रोह्याच्या एका केमिकल कंपनीत शिफ्टमध्ये काम करणारा माणूस. मीटरचा काटा जिथे दिसतो तेवढंच लिहायचं, ही माझी सवय. अंगात येणं, दृष्ट, उतारे... यावरून मी नातेवाइकांशी भांडलोय आणि आजही भांडतो. तरी हे लिहितोय, कारण त्यात माझं स्वतःचं एक वागणं आहे, आणि ते अजून मला झोंबतं.

नव्वदीच्या दशकातली, साधारण मधली वर्षं. माझी धाकटी बहीण सुमन लग्न होऊन मस्कतला गेली होती. पहिलं बाळंतपण तिथेच, सासूबाई हयात नाहीत, म्हणून आईने जायचं ठरलं. आई पेणच्या खाडीकडच्या गावात राहणारी. सगळा जन्म मिठागरात गेलेला. तिचा सगळ्यात लांबचा प्रवास म्हणजे एसटीने पेणहून रोह्याला माझ्याकडे, आणि त्यातही पेणच्या जरा पुढचं गडब आलं की विचारायची, “आलं का रे रोहा?” ती आता एकटी विमानात बसणार होती.

मी ठरवलं, विमानात तिला काहीही नवीन वाटता कामा नये. आमच्या कंपनीतल्या एका साहेबांनी सांगितलं होतं — विमान कुठल्या जातीचं, जागा कुठली, पुढे मोठ्या खुर्च्यांत जागा मिळते का, हे आधीच विचारून ठेवायचं. आता फोनवर बोट फिरवलं की सगळं दिसतं. तेव्हा मी रोह्याच्या एसटीडी बूथमधून पेणच्या ट्रॅव्हलवाल्या दातारांना फोन करायचो, ते मुंबईला करायचे, मग मी परत दातारांना. असं करत करत कळलं : विमान लहान, मधून एकच वाट, दोन्ही बाजूंना तीन-तीन खुर्च्या. आईची सतरावी रांग, तिघांतली मधली जागा. अगदी पुढे पडद्याआड रुंद खुर्च्या, त्या रिकाम्या राहिल्या तर कधीकधी देतात.

सुट्टीच्या दिवशी गावी गेलो आणि अंगणात चुन्याच्या रेघा मारून विमान आखलं. खुर्च्या म्हणून आळीतले पाट गोळा केले. पाणी प्यायला घरात गेलो, बाहेर येऊन बघतो तर शेजारच्या कमळीकाकूने सगळे पाट समोरासमोर मांडलेले!

“काकू, पंगत आहे का ही?”

“मंग? विमानात जेवाया देतात म्हनलास ना तूच!”

“देतात. पण सगळ्यांची तोंडं एकाच बाजूला.”

“म्हंजे दुसऱ्याच्या पाठी बगत जेवायचं? शी! कसली रे तुझी ही विमानाची मानसं!”

सगळे हसले. पाट फिरवले. काकू परात हातात धरून ड्रायव्हर झाली. आई पिशवी घेऊन रेघांमधून चालत आली, आपल्या रांगेतल्या मधल्या पाटावर बसली, आणि लुगडं आवरून जरा बाजूला सरकली. एखाद्याला जागा करून देतात तशी.

“आई, नीट मधे बस.”

“बसले ना. हिला नको का जागा?”

“कुणाला?”

खिडकीकडचा पाट रिकामा होता. आई त्याच्याकडेच बघत होती. “ही पोर. पोटुशी हाय. गळ्यापर्यंत पांघरून घेऊन बसलीय बग.” तिने त्या पाटावर हात ठेवला आणि एकदम मागे घेतला. “किती गार गो हात तुझा...” मग माझ्याकडे वळली, “अंत्या, ही निजली नाय रे.”

भर दुपार होती, पाय भाजत होते. काकूचं हसू गेलं. माझं डोकं फिरलं. सगळ्यांसमोर आईवर ओरडलो — ऊन लागलंय तुला, आत जाऊन पड. ती घुमत नव्हती, डोळे फिरले नव्हते. उलट चिडली होती. “माझ्यावं काय ओरडतोस? तिला बग!”

आता ते झोंबणारं वागणं सांगतो.

रोह्याला येऊन बायकोला म्हणालो, आई थकली आता. आणि सकाळी शिफ्टला जायच्या आधी बूथवर उभा होतो. “दातार, काहीही करा, पण आईला पुढे बसवा. सतराव्या रांगेत नको.” कारण सांगितलं नाही. कशावरही विश्वास नसलेला मी! त्या जागेशी मरण बसलंय असं मला वाटलं होतं, आणि माझ्या आईला मला तिथून उचलायचं होतं. मग तिथे दुसरं कोण असेल, हा विचारही मनात आला नाही.

दातारांची विमानतळावर ओळख होती. सहारला काउंटरवर पुढची खुर्ची मिळाली.

“आई, पडद्याआडची मोठी खुर्ची दिलीय तुला.”

“आन् माझा पाट?”

“तो गेला आता.”

“शेजारनीला सांगितलंस?”

“तिथे कुणी नाहीये, आई!” रांगेतली माणसं वळून बघायला लागली. आई मात्र हळूच म्हणाली, “एकदा पाट घेतला की पंगतीतून उठून दुसरीकडं जाऊन बसत नाय आपन. शेजारचं मानूस जेवलं का नाय ते बगावं लागतं.” मी तिला गप्प केलं. पाठीला हात लावून जवळजवळ आत ढकललं.

दुसऱ्या दिवशी कंपनीत सुमनचा फोन. आवाज रडका.

“आई पोचली ना?”

“पोचली रे. पण दादा, विमानात काय केलंन तिने!”

विमान वर चढून पट्टे सुटल्या सुटल्या आई उठली होती. हवाई सुंदरीने खुर्ची दाखवली, तर म्हणाली, “माझी जागा मागं हाय गो,” आणि सरळ चालत गेली. सतराव्या रांगेत खिडकीशी एक पोटुशी मुलगी, गळ्यापर्यंत ब्लँकेट, डोळे मिटलेले. मधली खुर्ची रिकामी. आई बसली, तिचा हात हातात घेतला. हवाई सुंदरी खुणेने म्हणाली, झोपू द्या त्यांना. “निजली नाय ही!” आई अशी ओरडली की अर्धं विमान उभं राहिलं. ब्लँकेट ओढलं तर खालची खुर्ची रक्ताने भिजलेली. प्रवाशांत एक डॉक्टर निघाले. मस्कतला विमानाशीच अँब्युलन्स आली. मुलगी वाचली, तिचं सातव्या महिन्यातलं बाळही वाचलं. आणखी उशीर झाला असता तर काही हातात राहिलं नसतं, असं त्या डॉक्टरांनी सुमनच्या नवऱ्याला सांगितलं.

त्या मुलीच्या शेजारी बसणारी, तिच्याकडे बघणारी एकच बाई होती. आणि तिलाच मी उठवून पुढे पाठवलं होतं. आईने माझं ऐकलं असतं तर?

गावात लोक आईच्या पाया पडायला आले. मी दारातून परत पाठवले. योगायोग म्हणणाऱ्यांशीही मी भांडतो. विमानात पोटुशी बाई असू शकते, कबूल. पण तो गार हात? गळ्यापर्यंतचं पांघरूण? ती निजलेली नाही हे, भर उन्हात, रिकाम्या लाकडी पाटावर? सांगा ना!

सुमनचं बाळंतपण नीट पार पाडून आई परतली, तेव्हा मी विचारलं, “पुढची खुर्ची कशी होती?”

“चांगली होती रे. माझी पिशवी बसली तिथं, मस्कतपावत.”

मग धीर करून विचारलं, “आई, तुला कळलं कसं?”

ती हसली. मस्करी करतोय असं वाटलं असावं तिला.

“मला कुठं काय कळलं? तूच दाखवलीस ना ती, अंगनात.”

मी कुठलीच मुलगी दाखवली नव्हती. मी फक्त पाट मांडला होता. आई पुढे म्हातारपणाने गेली, पाट अजून माझ्याकडे आहे. देवाच्या नावाने कुणी याचं उत्तर द्यायला आलं तर मी घेणार नाही. आई कधी देवाचं नाव घेऊन बोलली नव्हती. शेजारणीचं बोलली होती.