मागच्या चाकावरची फट

फ्रिस्को शहराबाहेरच्या ट्रेलर यार्डात, दोन पोरं सोबत घेऊन, आम्ही नवराबायको हलकी हाफ-टन पिकअप घ्यायची की दणकट हेवी-ड्यूटी, यावर मराठीतून भांडत होतो. टेस्टसाठी आणलेल्या हाफ-टनला मागे कॅम्पर, म्हणजे सहलीत राहायची चाकांवरची खोली, जोडला होता. ती आरामात ओढेल, असं सेल्समन सांगत होता.

"आधी पोरांना घेऊन आत बसा," मागून कोणीतरी मराठीतच म्हणालं. साठी उलटलेल्या एक काकू, जीन्सवर कुर्ता, पायात चिखलाचे बूट. आम्ही चौघं बसलो. त्यांनी मागच्या चाकावरच्या फटीत हात घालून पाहिला आणि मान हलवली.

"गाडी मागून खूप दबली. आणि तांदूळ, कुकर, पाण्याचे कॅन अजून यायचेत ना?"

मी ब्रोशरमधला ओढायच्या ताकदीचा आकडा दाखवला. त्यांनी तिकडे बघितलंही नाही.

"ओढेल हो. माझी पहिली हाफ-टनपण मस्त ओढायची. पण उतारावर घोड्यांचा ट्रेलरच तिला ढकलायला लागला, आणि मला थांबवता नाही आली."

मग त्या आपल्या हेवी-ड्यूटीत चढल्या. मागे घोड्यांचा लांबलचक ट्रेलर. एक हात स्टिअरिंगच्या तळाशी ठेवून त्यांनी ते सगळं धूड यार्डाच्या अरुंद फाटकातून रिव्हर्समध्ये, एका दमात बाहेर काढलं. आतल्या घोड्याचं गवत चघळणंसुद्धा थांबलं नाही. मला साधी कार पार्क करायला कॅमेरा लागतो. मी बघतच राहिलो.

ट्रेलर वळला तेव्हा त्यात दोन कप्पे दिसले. दुसरा रिकामा होता. त्याच्या दारावरचं घोड्याचं नाव मात्र कोणी खोडलं नव्हतं.