कोब्यावरचा ट्रेलर

"भुईवर काढ, मंग बोल."

मापाबद्दल कोणी वाद घालायला लागलं की नाना खिशातून खडू काढून त्याच्यापुढे धरायचे आणि एवढंच म्हणायचे. समोर इंजिनिअर असो, ट्रान्सपोर्टवाला असो, नाहीतर माझ्यासारखा टेललाईट विकणारा. खडू हातात आला की शहाणी माणसं गप्प व्हायची. मी एकदा तो घेतला आणि ट्रकच्या मागच्या फाळक्यावर दिवे कुठे बसवावेत ते खऱ्या मापाने काढून दाखवलं. नानांनी चष्मा कपाळावर चढवून पाहिलं.

"चांगलं शे," म्हणाले. "पन आते फाळका कसा उघडाना?"

मी दिवे बरोबर बिजागऱ्यांवर काढले होते. बारा वर्षं दिवे विकून झाल्यावर.

धुळ्याला महामार्गाच्या कडेला नानांची शेड होती. तुमच्यापैकी कोणी त्या रस्त्याने गेलं असेल तर बाहेर उभा असलेला लोखंडाचा सांगाडा पाहिलाही असेल. नानांनी जन्मात कागदावर रेघ ओढली नाही. अर्धी शेड ते रिकामी ठेवायचे. तिथल्या कोब्यावर आधी खडूने ट्रेलर काढायचा, जेवढा खरा तेवढा. मग लोखंड कापून त्या रेघांवर मांडायचं आणि वेल्डिंग करायचं. त्या चित्रावर कोणाचा पाय पडला तर नाना "उतर" म्हणायचे. माणूसही मुकाट उतरायचा.

मग नियम आले. ट्रेलर बांधायचा तर आधी कागदावरचा नकाशा मंजूर हवा. तो नसेल तर पासिंग नाही. छोट्या शेडी एकेक करून दुरुस्तीवर आल्या. नानाही दुसऱ्यांचे मडगार्ड जोडू लागले. पण त्यांच्या डोक्यात एक ट्रेलर होता, केळीचा. सावद्याहून केळी भरून निघते, वाटेत धक्के खाते आणि दिल्लीला उतरवली की मग कळतं, आतून काळी पडली आहे. नानांनी तळ खाली घेतला होता, बाजूंना हवेच्या फटी ठेवल्या होत्या आणि चाकांवरच्या स्प्रिंगच्या कमानी अशा काही तिरक्या बांधायच्या ठरवल्या होत्या की धक्का घडापर्यंत पोचूच नये.

"मराना पहिले हाऊ एक पास व्हवाले पाहिजे," ते म्हणायचे. दुसरं काही मागितलेलं मी ऐकलं नाही.

आमचं वर्षाचं एक संमेलन असतं. ट्रक-ट्रेलर बांधणारे आणि त्यांना सामान विकणारे, एक वर्ष जळगावला, एक वर्ष धुळ्याला. मी चिटणीस. निवडून आलो असं मी घरी सांगतो. खरं म्हणजे माझ्याइतका माइक कोणाला आवडत नाही. त्या वर्षी पाळी धुळ्याची होती आणि मी खटपट करून एक गोष्ट जमवली होती. मंजुरी देणाऱ्या संस्थेचे एक साहेब पाहुणे म्हणून यायचे होते, सोबत नकाशे काढणारा माणूस. संमेलनाच्या सकाळी सगळे नानांच्या शेडला भेट देणार, तो माणूस कोब्यावरून मापं घेणार, कागद तिथेच साहेबांच्या हाती. जुन्या शेडींसाठीची ती सवलत त्या वर्षापुरतीच होती.

नाना पंधरा दिवस कोब्यावर बसून होते. गुडघे वळत नव्हते म्हणून गोणपाटावर सरकत सरकत काढायचे. उजवा हात थरथरायला लागला होता. तो डाव्याने धरून रेघ ओढायचे. मी एकदा बघायला गेलो. फोटो काढायची कल्पना माझीच. तो अजून फोनमध्ये आहे. त्यात मी हसतो आहे आणि कमानी जिथे आहेत, नेमकं तिथे माझं पोट आहे.

संमेलनाच्या सकाळी जळगावातल्या पिंप्राळ्याहून अंधारात निघालो आणि सातलाच शेडवर पोचलो. नाना यायचे होते. शेडभर लोखंडाचा कीस, तेलाचे डाग, धूळ. पाहुणे येणार म्हटल्यावर आपल्याकडे पहिलं काय सुचतं ते तुम्हाला माहीत आहे. शेजारच्या वॉशिंग सेंटरवाल्याला हाक मारली, म्हटलं, भाऊ, जरा पाणी मार, चकाचक कर. आणि मी माइककडे वळलो. स्पीकर नवा होता. "हॅलो, हॅलो. नमस्कार मंडळी." आवाज काय घुमत होता शेडमध्ये. मी स्वागताचं सगळं भाषण भिंतीकडे तोंड करून एकदा म्हणून घेतलं.

वळून पाहिलं तर कोबा लखलखत होता. रेघ म्हणून शिल्लक नव्हती. दारात नाना उभे होते, इस्त्रीचा शर्ट घालून.

मीच बोललो. म्हणालो, "या वॉशिंगवाल्यांना काही अक्कल नाही, नाना." तो बिचारा पाइप गुंडाळत होता. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि निघून गेला.

साहेब आले. ओल्या कोब्यावर बूट जपत उभे राहिले. "स्वच्छता छान ठेवलीये," म्हणाले. नकाशेवाल्याने टेप काढला, इकडेतिकडे पाहिलं आणि परत खिशात घातला. नानांना मी खडू दिला. ते खाली बसले, एक रेघ ओढली, ती वाकली. पुसली, पुन्हा ओढली. साहेबांनी घड्याळ पाहिलं. मी नानांना हाताला धरून उठवलं, हार घातला आणि सगळ्यांना टाळ्या वाजवायला लावल्या.

पुढच्या वर्षी संमेलन जळगावला होतं. निमंत्रण द्यायला धुळ्यातच, देवपुरात, नानांच्या मुलाच्या घरी गेलो. शेड तोवर विकली गेली होती. नाना पलंगावर बसून होते. मी मनाशी ठरवून गेलो होतो, तरी चहा संपेपर्यंत हवापाण्यावरच बोललो. मग म्हटलं, "नाना, त्या दिवशी पाणी मीच मारायला सांगितलं होतं."

"माले माहीत शे."

"कसं?"

"मी दारमाज व्हतू ना. आवाज दिधा तुले. दोन-तीनदा दिधा." त्यांनी बशी खाली ठेवली. "तू भाषन करी राह्यंता."

मला वाटलं होतं ते चिडतील, किंवा जाऊ दे म्हणतील. दोन्ही झालं नाही. त्यांनी निमंत्रणपत्रिका उलटी केली आणि कोऱ्या बाजूवरून बोट फिरवत बसले. मी उठलो.

त्या हिवाळ्यात नाना गेले. तेराव्याला गेलो. माणसं बरीच होती, पंगत गच्चीवर होती. मला मधल्या ओळीत बसवलं. वरण-बट्टी, वांग्याची भाजी. मी खाली मान घालून जेवत होतो, तेव्हा ताटाच्या कडेला ती दिसली: पांढरी, कापरी रेघ. ताट जरा सरकवलं. रेघ पुढे गेली, पलीकडच्या माणसाच्या ताटाखालून निघाली आणि कठड्याशी जाऊन थांबली.

त्यांच्या सुनेला हळूच विचारलं. ती वाढता वाढता म्हणाली, "काय माहीत काका, दसऱ्यानंतर रोज वर यायचे. कपडे वाळत घालू द्यायचे नाहीत. मग म्हणाले, गच्ची पुरत नाही. मागची चाकं राहतात."

ओळीत बारा-तेरा जण होते. सगळे मांडी घालून त्या ट्रेलरवर बसले होते, बट्टी कुस्करत होते. कोणाला उठा म्हणावं, आणि काय सांगून? मी उभा राहिलो तर सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. भाषण करतो की काय असं त्यांना वाटलं असावं. मी पुन्हा बसलो. बट्टी संपवली. आग्रह झाला तेव्हा अजून एक घेतली.

हात धुवायला उठलो तेव्हा जिथे बसलो होतो तिथे फरशी नुसती राखाडी होती. कमानी तिथेच असणार, हिशेबाने.

"काका, मागे पांढरं लागलंय," सून म्हणाली. "झटकून घ्या."

मी झटकलं.