पिंजऱ्यापाशी होडी लावणारा

खाडीत मासे पाळायचे पिंजरे आल्यापासून तो माझ्या डोळ्यांत सलतो. मी दिवसभर पाग, म्हणजे फेकायचं जाळं, टाकत हिंडतो. हा राखणदाराचा मेव्हणा, होडी पिंजऱ्याला लावून विडी ओढत बसतो आणि खाली पडणारं खाद्य, घाण खायला जमलेले जाडजूड बोय मासे उपसतो. वर मला विचारतो, “आज पण रिकामाच काय रे?”

परवा बाजारात त्याची पाटी नेहमीसारखी आधी संपली. मग माझ्यासमोर उकिडवा बसून त्याने माझेच किडमिडीत मासे निवडले.

“घरात तुझेच लागतात,” तो हळूच म्हणाला. “पिंजऱ्यापाशी नांगर ओढला की काळा चिखल येतो, कुजक्या अंड्यासारखा घाणतो. तिथले मासे पोरांना कसे घालू?”

मी मासे बांधून दिले. तिथे माझ्याही होडीला जागा होईल का, एवढंच विचारायचं ओठांवर आलं होतं.