यंत्राची दृष्ट

१९५७ साल, तई म्हणजे आपल्या पौष-माघ महिन्यातला रविवार, सकाळचे साडेनऊ. रक्कम एक्कावन्न रुपये, मेहुण्याच्या कनवटीला. हजर तिघं: मी, माझी बायको आणि तिचा धाकटा भाऊ, म्हणजे हा मेहुणा. जागा, मी शिकवत असे त्या कॉलेजची रसायनशाळा. प्राचार्यांची लेखी परवानगी घेतली होती.

मेहुण्याला तिरुनीलक्कुडीला विहिरीसकट जमीन घ्यायची होती. विहीर खारी आहे अशी कुणकुण होती. तीन जणांनी पाणी चाखलं, तिघांची तीन मतं. जमिनीचे मालक जवळच मेलकावेरीत राहत. बाराच्या आत एक्कावन्न रुपये इसार न मिळाल्यास ते दुसऱ्या गिऱ्हाइकाला होकार देणार होते.

आमच्याकडे नुकतंच एक यंत्र आलं होतं. पाण्याचा फवारा ज्योतीत सोडायचा. पाण्यात मीठ असेल तर ज्योत पिवळी होते, आणि किती पिवळी ते काटा सांगतो. पन्नासच्या वर गेला तर विहीर घ्यायची नाही, असं मी ठरवलं होतं. आधी मीठ नसलेलं ऊर्ध्वपातित पाणी सोडलं. काटा एकावर. मग मी काचेची भांडी धुवायला मागे गेलो. दहा मिनिटांनी येऊन विहिरीचं पाणी सोडलं, तर काटा ऐंशीवर!

"भाऊजी, ही विहीर की वेदारण्यमचं मिठागर?" मेहुणा स्टुलावर बसला. दोन वर्षं तो त्या जमिनीसाठी पैसे साठवत होता. मग उठला. "जातो. नको म्हणून सांगून येतो."

"बस खाली. आधी साधं, बिनमिठाचं पाणी परत बघतो."

साधं पाणी त्रेसष्ट! पुन्हा घेतलं, चौसष्ट.

"आता तुमच्या बाटलीतही समुद्र?" मेहुण्याला हसू फुटलं. मला मात्र घाम फुटला. ज्यात मीठ नाही त्या पाण्यालाही काटा मीठ म्हणत होता. म्हणजे मीठ पाण्यात नव्हतं, ज्योतीतच कुठून तरी येत होतं.

तेवढ्यात बायको व्हरांड्यातून कॉफी घेऊन आली. "झालं का? आता बिघडायचं नाही. मी त्याची दृष्ट काढली."

"कुणाची?"

"यंत्राची. नवं आहे, अस्की, सगळं कॉलेज बघून गेलं. तुम्ही भांडी धूत होतात तेव्हा सात वेळा ओवाळलं आणि व्हरांड्यात कॉफीच्या शेगडीत टाकलं."

"काय टाकलंस?"

"काय टाकतात? मीठ, मोहऱ्या, मिरच्या. मूठभर. आणि मिरच्या जळल्या तरी कुणाला ठसका आला नाही, केवढी दृष्ट होती बघा!"

मी व्हरांड्यात धावलो. ज्योतीला हवा पुरवणारा पंप तिथेच होता आणि शेगडी त्याच्या तोंडाशी. ठसका येणार कसा? सगळा धूर पंपाने ओढून ज्योतीला पाजला होता!

"अक्का," मेहुणा पोट धरून म्हणाला, "माझी विहीर तू खारट केलीस!"

"मग तुझीही काढू का रे दृष्ट?"

तिघंही हसत सुटलो; माझी कॉफी बशीत कमी, धोतरावर जास्त. ऐंशीतून त्रेसष्ट वजा केले की सतरा उरतात, हे मेहुण्याने बोटांवर मोजून सांगितलं. पण धूर क्षणाक्षणाला बदलतो. मला असली वजाबाकी चालत नाही. शेगडी अंगणात नेली, दारं उघडली, पाऊण तास थांबलो. साधं पाणी: एक. विहिरीचं: सतरा. पुन्हा सतरा. तिसऱ्यांदा अठरा.

"गोड!" मेहुणा ओरडला. एक रुपया बहिणीच्या हातात ठेवून तिच्या पाया पडला आणि मला ओढत रस्त्यावर आला. अर्ध्या वाटेत त्याच्या लक्षात आलं की इसाराला आता एक रुपया कमी पडतो.

बाराला दहा मिनिटं असताना मेलकावेरीत जमीनमालकांच्या हातात एक्कावन्न रुपये पडले. पन्नास मेहुण्याचे, एक माझा.