न घुमता सुटणारी गाडी

आधी मावशींचं सांगतो. बारामती-दौंड मार्गावरच्या एका लहान थांब्यामागं त्यांचं घर. सातवीत शाळा सोडून गोंदियाकडून आलेल्या, नात्यागोत्याच्या नसलेल्या मला त्यांनी राहायला पडवी दिली, ताटात भाकरी वाढली, आणि माझी नोकरी गेली त्याच दिवशी ती परत मिळवून दिली.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी कामाला होतो ती कंपनी तिथं एका नव्या प्रवासी गाडीची चाचणी घेत होती. ब्रेक लावला की चाकांच्या जोरावर तेल दाबून जाड टाक्यांत भरायचं. सुटताना तेच तेल चाकं फिरवायचं, डिझेल इंजिन मागाहून लागायचं. बाकांवर माणसांऐवजी वाळूची पोती. थांब्यावर उतरून नळ्या गळतात का बघायचं आणि हिरवा बावटा दाखवायचा, हे माझं काम.

घोळ एकच होता. नेहमीची गाडी शिट्टी देते, मग इंजिन घुमतं, मग ती हलते. हे तिथल्या लोकांच्या अंगवळणी पडलेलं. शिट्टी झाली तरी बाया चाऱ्याचे भारे घेऊन निवांत कधी गाडीपुढून, कधी दोन डब्यांमधून रूळ ओलांडायच्या. आमची गाडी मात्र शिट्टी सरली की न घुमताच निघायची. एकदा मावशींची शेळी चाकाखाली जाता जाता वाचली.

दुसऱ्या दिवशी मी बावटा खालीच ठेवला. आधी शेवटच्या डब्यापर्यंत चालत जाऊन माणसं बाजूला करू लागलो. चाचणी घेणारे साहेब खिडकीतून ओरडले, "टाकीतला दाब उतरतोय. बावटा दाखव."

"उतरू द्या जी. रुळावर माणसं आहेत."

"तुला माणसं हाकायला आणलंय? बॅग भर आणि घरी जा."

घरी काय तोंड दाखवणार? तरी हात वर गेला नाही. साहेबांनी बावटा दुसऱ्याच्या हाती दिला. तेवढ्यात मावशी डोक्यावरच्या भाऱ्यासकट गाडीपुढं येऊन उभ्या राहिल्या.

"मावशी, बाजूला व्हा जी," मीच म्हणालो.

"तू गप. सारखं जी जी करतूस, म्हणून त्यो तुला हाकलतोय." मग साहेबांकडं वळून म्हणाल्या, "सायेब, तुमची गाडी मुक्यानं सुटती. पोरगं आमच्यासाठी थांबतंय, तर त्यालाच घरी धाडताय व्हय? मी न्हाय हलत."

"बाई, चाचणी वाया जातीय."

"जाऊ दे की. पोत्यांना कुठं घाई हाय?"

आधी चालक हसला. साहेबांनी दाबाचा काटा पाहिला. तो खाली आलाच होता. संध्याकाळी ते म्हणाले, "उद्यापासून शिट्टीनंतर तू टोकापर्यंत जाऊन ये, मगच बावटा. तेवढ्यात दाब किती टिकतो, तेही कळेल."

चाचण्या संपल्या, गाडी परत गेली. मी निघताना मावशींनी विचारलं, "पोती बसवलीस, मला कवा बसवणार?"

आजही कुणी कितीही ओरडो, बावटा मी माणसं बघूनच दाखवतो. आणि तशी गाडी कधी, कुठंही माणसं घेऊन धावू लागली, तर मावशींना घरून घेऊन जाईन आणि खिडकीपाशी बसवीन. शेळीला आणते म्हणाल्या, तर तिलाही जागा करीन.